संमतिपत्राची भाषा : परदेशी निघालेले मूल आणि त्याचा ‘पालक’

१

अल्पवयीन मुलाला आईवडिलांवाचून दुसऱ्या कोणा वडीलधाऱ्या माणसाबरोबर परदेशी पाठवावयाचे झाले, म्हणजे पारपत्र, व्हिसा आणि जन्मदाखला यांच्या जोडीला आणखी एक कागद सिद्ध करावा लागतो. आईवडिलांनी लिहून दिलेले संमतिपत्र, हा तो कागद होय. सुटीत काकाबरोबर लंडनला निघालेला पुतण्या, मावशीबरोबर अमेरिकेस निघालेली भाची, आजीआजोबांसमवेत आतेकडे चाललेले नातवंड, यांच्या सामानात तो असतो. प्रस्तुत लेखात या कागदाच्या, विशेषतः महाराष्ट्रात त्याला जी भाषा लाभली आहे तिच्या, परीक्षणाचा विचार आहे.

असा मजकूर समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर सोपे आहे. ज्या लेखनाचे सारे सामर्थ्य केवळ त्यातील शब्दांवर अवलंबून असते, ते लेखन भाषाभ्यासकाच्या कक्षेत येतेच. संमतिपत्राचा लेखक वाचनाच्या वेळी हजर नसतो. वाचक परका असतो. त्याच्या हाती थोडी मिनिटे असतात. आणि ज्याच्याविषयी ते लिहिलेले असते, ते मूल पुष्कळदा स्वतःविषयी नीट सांगण्याच्या वयाचेही नसते. इतक्या प्रतिकूल स्थितीत ज्याला उभे राहावयाचे, त्या मजकुराकडून नेमकेपणाची अपेक्षा करणे गैर नव्हे.

नोटरीच्या टेबलावर सर्रास मिळणाऱ्या मसुद्यांत दोन दोष वारंवार आढळतात. मुलाच्या सोबत्याला ते ‘पालक’ करतात, आणि सोबत देण्याच्या क्रियेला ‘ताबा देण्याचे’ रूप देतात. हे दोष वरवर शैलीचे वाटतात. वस्तुतः ते अर्थाचे आहेत, आणि त्यांचा भार अखेर मुलावरच पडतो, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम नात्याच्या शब्दांचा विचार करू. डॉ. इरावती कर्वे यांचा ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा ग्रंथ १९५३ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. नात्याच्या संज्ञा म्हणजे त्या समाजाच्या कुटुंबरचनेचा जणू नकाशाच होय, ही दृष्टी आपल्याकडील अभ्यासकांत त्या ग्रंथाने रुजविली. मराठी हा नकाशा बारकाईने काढते. काका आणि मामा, आत्या आणि मावशी, पुतण्या आणि भाचा हे भेद मराठी बोलणाऱ्याला व्याकरणाइतकेच सहज असतात. इंग्रजी भाषांतरात हे सारे ‘अंकल’, ‘आंट’ आणि ‘नेफ्यू’ या तीन शब्दांत गोळा होतात. त्यातही गंमत अशी की, ‘अंकल’ हा शब्द मराठीत आला तो नात्यासाठी नव्हे. शेजारच्या किंवा ओळखीच्या परक्या गृहस्थाला हाक मारण्यासाठी आला.

परंतु दोष केवळ भाषांतराचा मानणे एकांगी ठरेल. खुद्द मराठी ‘काका’ही दिसतो तितका नेमका नाही. वडिलांचा सख्खा भाऊ काका, चुलतभाऊ काका आणि मित्रही काकाच. घरात या तिघांतील भेद ‘सख्खा’, ‘चुलत’ असे विशेषण न लावताही कळतो, कारण ऐकणारा घरचाच असतो. संमतिपत्राचा वाचक घरचा नसतो. तेव्हा ‘मुलाचे काका’ एवढेच लिहून थांबणे म्हणजे आपल्या अंगणातली खूण परगावच्या वाटसरूला सांगण्यासारखे आहे. तेथे ‘मुलाच्या वडिलांचे सख्खे धाकटे भाऊ’ असेच लिहावयास हवे. नात्याचे नाव सांगण्याऐवजी नाते उलगडून सांगितले की ते कोणत्याही भाषेत तसेच पोहोचते.

नावांच्या रचनेतही असाच एक प्रश्न दडलेला आहे. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम रूढ आहे. काका आणि पुतण्या यांची आडनावे बहुधा एक असतात. मधली नावे मात्र वेगळी असतात. पुतण्याच्या नावात त्याच्या वडिलांचे नाव असते, काकाच्या नावात पुतण्याच्या आजोबांचे. मराठी वाचक हे पाहताच ओळखतो की, हा गृहस्थ मुलाचा बाप नव्हे. परक्या अधिकाऱ्याला मधल्या नावाचे व्याकरण ठाऊक नसते. तो आडनावाचे साम्य पाहून काकालाच बाप समजण्याचा संभव असतो. उलट मामाचे किंवा मावशीचे आडनाव वेगळे पडल्यामुळे, नाते तितकेच जवळचे असूनही, तेथे प्रश्नांची सरबत्ती अधिक होते. तात्पर्य, आडनाव सारखे असल्याने नात्याचा खरा प्रकार झाकला जातो आणि वेगळे असल्याने खरे नातेच संशयास्पद ठरते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ‘अमुक हा अमुकाचा काका आहे’ असे सांगणारा एकही दाखला आपल्याकडे सामान्यतः निघत नाही. काकापण हे अनुमान आहे. मुलाच्या जन्मदाखल्यावरून त्याच्या वडिलांचे नाव कळते. वडिलांच्या कागदांवरून आजोबांचे नाव कळते. आणि काकाच्या कागदांवरही आजोबांचे तेच नाव निघाले, म्हणजे साखळी पुरी होते. मामाच्या बाबतीत हीच साखळी आईच्या माहेरच्या कागदांतून जाते. या साखळीच्या कड्या संमतिपत्रासोबत जोडणे आणि त्या कशा जुळतात हे एका वाक्यात सांगणे, हे दहा शिक्क्यांहून उपयोगाचे आहे.

३

आता ‘पालक’ या शब्दाकडे वळू. ‘पाल्’ या धातूपासून बनलेले हे नाम ‘पाळणारा’ एवढाच मूळ अर्थ सांगते. आजच्या मराठीत त्याचा संचार फार मोठा आहे. शाळेच्या पालकसभेत पालक म्हणजे आईबाप. वसतिगृहाच्या अर्जावर ‘स्थानिक पालक’ म्हणजे त्या शहरात राहणारा कोणी आप्त वा परिचित. आणि जिल्ह्याचा पालकमंत्री म्हणजे शासनाने नेमलेला मंत्री. शिक्षणासाठी काकाकडे राहिलेल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून काकाने सही करावी, ही आपल्या समाजाची जुनी व चांगली रीत आहे. त्यामुळेच संमतिपत्रात काकाच्या नावापुढे ‘पालक’ लिहिताना कोणाला काही खटकत नाही.

खटकते ते भाषांतर झाल्यावर. ‘पालक’चा ‘गार्डियन’ झाला, की तो कायद्याच्या प्रांतात शिरतो. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाची व्याख्या तशी सैल आहे. अज्ञान मुलाच्या शरीराची किंवा मालमत्तेची काळजी ज्याच्याकडे असेल, तो तेथे पालक होय. परंतु १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमात नैसर्गिक पालक, मृत्युपत्राने नेमलेला पालक, न्यायालयाने नेमलेला पालक असे प्रकार मोजून सांगितले आहेत. दोन आठवड्यांच्या सहलीवर निघालेला काका यांपैकी कोणीही नव्हे. परदेशातील अधिकाऱ्याने ‘गार्डियन’ हा शब्द वाचून नेमणुकीचा न्यायालयीन हुकूम मागितला, तर त्याची मागणी रास्तच आहे. असा हुकूम नाही म्हटल्यावर एक खोटे विधान कागदावर उरते. वास्तविक काकाला खोटे बोलावयाचे नव्हते. त्याच्या भाषेने त्याला तेथे नेऊन उभे केले.

या एका शब्दाचा अर्थ केवढा भार उचलतो, याचे उत्तम उदाहरण आपल्या न्यायालयीन इतिहासात आहे. १९५६ च्या अधिनियमातील सहाव्या कलमाने नैसर्गिक पालक म्हणून वडील ‘आणि त्यांच्यानंतर’ आई असा क्रम लावला. गीता हरिहरन यांनी आपल्या अज्ञान मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांसाठी पालक म्हणून सही करून अर्ज केला, तेव्हा वडिलांची सही मागण्यात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९९९ च्या निर्णयात न्यायालयाने ‘नंतर’ या पदाचा अर्थ ‘हयातीनंतर’ असाच केला पाहिजे असे नाही, ‘अनुपस्थितीत’ असाही तो होतो, असे ठरविले. एका कालवाचक अव्ययाच्या अर्थावर आईचे पालकत्व अवलंबून होते! मराठीच्या अभ्यासकाला येथे ‘माघारी’ हा शब्द आठवल्यावाचून राहणार नाही. ‘त्याच्या माघारी’ म्हणजे तो घरी नसताना, आणि प्रसंगी तो गेल्यानंतरही. न्यायालयाला इंग्रजी शब्दातून जो अर्थविस्तार युक्तिवादाने काढावा लागला, तो मराठीच्या एका रूढ शब्दात आधीच नांदत होता.

संमतिपत्राच्या दृष्टीने या निर्णयाचा बोध स्पष्ट आहे. संमती एकट्या वडिलांची नव्हे. आई आणि वडील दोघांच्याही सह्या त्यावर हव्यात. त्यांपैकी कोणी हयात नसेल तर मृत्यूचा दाखला, आणि विभक्त असतील तर न्यायालयाचा आदेश सोबत हवा. ‘संमती’ या शब्दातील ‘सम्’ हा उपसर्गही हेच सांगतो : तेथे मते एकत्र यावयाची असतात. वडिलांनी ‘मी’ असा प्रारंभ करून लिहिलेला आणि आईला साक्षीदाराच्या जागी बसविणारा मसुदा भाषेच्या दृष्टीने विसंगत आणि व्यवहाराच्या दृष्टीने अपुरा असतो.

शासकीय भाषाही या बाबतीत निर्दोष नाही. भारतीय पारपत्राच्या शेवटच्या पानावर अनेक वर्षे ‘वडील’ आणि ‘कायदेशीर पालक’ या दोन पदांना एका तिरप्या रेषेने जोडून त्यांच्यासाठी एकच जागा छापली गेली. ती रेषा ‘किंवा’ म्हणते की ‘अर्थात’, हे वाचणाऱ्याने ठरवावयाचे. ज्यांचा भेद मुलाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, ती पदे अशी शेजारी बसविल्यावर सामान्य माणसाच्या मनात तो भेद पुसट झाला, तर नवल नाही.

४

दुसरा दोष क्रियापदांचा. प्रचलित मसुद्यांत ‘मुलाचा ताबा देत आहोत’, ‘मुलास हवाली करीत आहोत’, ‘सुपूर्द करीत आहोत’ अशी वाक्ये येतात. ही भाषा जुन्या दस्तऐवजांची आहे, आणि ते दस्तऐवज बहुधा जमीन, घर, रोकड यांचे असत. ‘हवाला’ हा अरबी शब्द मूळचा हस्तांतराचा, विशेषतः देण्याघेण्याच्या हस्तांतराचा. ‘सुपूर्द’च्या फारसी मुळात विश्वासाने सोपविण्याची छटा आहे, पण कचेरीच्या मराठीत ती झिजून गेली. ‘ताबा’ आज सरळसरळ मालकीच्या शेजारचा शब्द आहे. ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ ही दस्ताची जोडीही अशीच. संमतिपत्रात लिहून देणार आईवडील खरे, पण लिहून घेणार कोण? काका नव्हे, मूल तर नव्हेच. खरा लिहून घेणार म्हणजे सीमेवरचा तो अनोळखी वाचक, आणि मसुद्याला त्याची आठवणही नसते.

‘ना हरकत’ या लाडक्या पदाची कथा तर याहून बोलकी आहे. अरबीत ‘हरकत’ म्हणजे हालचाल, गती. मराठीत येता येता ती अडथळा झाली. ज्या कागदाने मुलाची हालचाल घडवून आणावयाची, त्यावर मूळ अर्थाने पाहता ‘हालचाल नाही’ असे लिहिलेले असते! व्युत्पत्तीचा हा विनोद बाजूला ठेवला, तरी अर्थाचा प्रश्न उरतोच. हरकत नसणे ही स्थिती आहे. संमती देणे ही कृती आहे. पहिलीत आईबाप बाजूला उभे असतात, दुसरीत ते पुढे येऊन बोलतात. अधिकाऱ्याला त्यांचे बोलणे हवे असते.

तो काय शोधत असतो, हे कळल्याशिवाय या क्रियापदांची अडचण नीट उमगणार नाही. मुलांना बेकायदा परदेशी नेण्यासंबंधीचा हेग येथील करार १९८० चा. त्यात दोन कृती वेगळ्या केल्या आहेत : मुलाला नेणे, आणि नेलेल्या मुलाला ठेवून घेणे. भारत त्या करारात सामील झालेला नाही. तथापि विधी आयोगाने २००९ च्या आणि २०१६ च्या अहवालांत या प्रश्नाचा विचार केला आहे, आणि २०१६ च्या अहवालातील विधेयकाच्या नावातही ‘नेणे’ आणि ‘ठेवून घेणे’ ही जोडी आहे. या करारातील एक तरतूद संमतिपत्र लिहिणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावी. मुलाला नेण्यास वा ठेवून घेण्यास संबंधितांनी संमती दिली होती, असे सिद्ध झाल्यास मूल परत पाठविण्यास नकार देता येतो.

याचा अर्थ असा की, संमतिपत्र हा दुधारी कागद आहे. जाणाऱ्या मुलाचा मार्ग तो मोकळा करतो. पण त्यात ‘ताबा देत आहोत’ असे लिहिले असेल आणि परतीची तारीख नसेल, तर उद्या दुर्दैवाने वाद उपस्थित झाल्यास, मूल न परतण्यालाही आईबापांची संमती होती असे म्हणावयास जागा राहते. बहुसंख्य काकामामांच्या बाबतीत असा वाद स्वप्नातही येणार नाही, हे खरे. परंतु कागद लिहावयाचा असतो तो अपवादासाठीच. म्हणून ‘नेण्यास’ संमती आणि ‘ठेवून घेण्यास’ नाही, हे त्यातून निःसंदिग्धपणे निघाले पाहिजे. परतीची तारीख ही तपशिलाची बाब नव्हे. तो या मजकुराचा गाभा आहे.

वास्तविक मराठीपाशी या प्रसंगाला साजेसा शब्द आहे, आणि तो म्हणजे ‘सोबत’. सोबत देणे यात वस्तू हात बदलत नाही. नव्या नवरीबरोबर सासरी जाणारी पाठराखीण तिची मालकीण नसते. ती वाटेवर आणि परक्या घरी तिच्या पाठीशी असते आणि काम संपताच परतते. अधिकार थोडा, जबाबदारी मोठी आणि मुदत ठरलेली, असे हे नाते आहे. संमतिपत्रातील काका कायद्याने आणि व्यवहाराने नेमका हाच आहे. युनायटेड किंगडमच्या व्हिसात भेटीस जाणारे मूल ‘सोबत असलेले’ की ‘एकटे’ असा भेद केला जातो, आणि सोबतच्या व्यक्तीची ओळख त्या व्हिसाशी जोडली जाते, हे येथे लक्षणीय आहे. तेथील वर्गवारीला ‘पालक’ नको आहे, सोबती हवा आहे. आपण मात्र घरचा शब्द टाकून दस्ताचा शब्द उसना घेतो.

५

क्रियापदांच्या अर्थाचा प्रश्नही थोडक्यात पाहू. ‘हे पत्र लागते’ असे प्रवासी कचेऱ्यांत सांगितले जाते. ‘लागते’ या एका रूपात सक्ती, शिफारस आणि रूढी या तिन्ही गोष्टी मिसळून जातात. अमेरिकेचे सीमाशुल्क खाते आणि कॅनडाचे शासन असे पत्र जवळ ठेवण्याची शिफारस करतात. तेथे ‘असावे’ हे रूप योग्य. युनायटेड किंगडमच्या भेटव्हिसासाठी अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत आईवडिलांची किंवा कायदेशीर पालकाची संमती ही अट आहे. तेथे ‘असलेच पाहिजे’ म्हणावे लागेल. शेंगेन देशांच्या व्हिसाअर्जावर अल्पवयीन मुलासाठी त्याच्यावर पालकत्वाचा अधिकार असणाऱ्याची सही हवी. म्हणजे तेथे काकाची सही चालणारच नाही. दक्षिण आफ्रिकेने १ जून २०१५ पासून आईवडिलांची नावे असलेला पूर्ण जन्मदाखला मागावयास प्रारंभ केला, आणि पुढे २०१९ मध्ये आईवडिलांबरोबर येणाऱ्या परदेशी मुलांसाठी नियम सैल केला. आईवडिलांवाचून येणाऱ्या मुलाचा प्रश्न त्या सवलतीपेक्षा निराळा आहे, हे ‘आता तिथे काही लागत नाही’ या वाक्यात हरवून जाते.

६

आता एक आक्षेप विचारात घेऊ. कागदावर मुद्रांक असतो, नोटरीचा शिक्का असतो, प्रसंगी परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल असते. मग शब्दांची एवढी चिकित्सा कशाला? याचे उत्तर या शिक्क्यांच्या स्वरूपातच आहे. १९६१ च्या हेग करारानुसार दिले जाणारे अपोस्टिल (भारतात ते २००५ पासून लागू आहे) सही कोणाची, ती कोणत्या अधिकारपदावरून केली आणि शिक्का खरा की खोटा, एवढेच प्रमाणित करते. मजकूर खरा आहे किंवा पुरेसा आहे, असे ते म्हणत नाही. नोटरीचा शिक्काही प्रामुख्याने सहीचीच ग्वाही देतो. म्हणजे प्रत्येक पायरीवर सही तपासली जाते. वाक्य मात्र कोणीच वाचीत नाही. ते प्रथम वाचले जाते सीमेवर, आणि तेव्हा दुरुस्तीची वेळ निघून गेलेली असते.

जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेली आणि १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली व्याख्याने आपल्या विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहेत. काही वाक्ये वस्तुस्थिती सांगत नाहीत, तर उच्चाराबरोबर कृतीच घडवून आणतात, हे त्यांतील सूत्र. ‘आम्ही संमती देतो’ हे असे वाक्य होय. अशी वाक्ये खरी वा खोटी नसतात. ती सिद्धीस जातात किंवा फसतात. बोलणाऱ्याला अधिकार हवा, पद्धत मान्य हवी, आणि कृती पूर्ण व्हावयास हवी. शिक्के यांपैकी पद्धतीची अट पुरी करतात. अधिकाराची अट दोन्ही पालकांच्या सह्यांनी पुरी होते. कृती पूर्ण होते ती मात्र शब्दांनी : कोणाला, कोणाबरोबर, कोठे, केव्हापासून आणि केव्हापर्यंत.

न्यायाने सांगावयाचे, तर जुन्या दस्तभाषेत या कामाला उपयोगी पडणारे गुणही आहेत. ‘स्वखुशीने’, ‘कोणाच्याही दडपणाखाली न येता’ ही पदे संमतीचा स्वेच्छाधर्म नोंदवितात. ‘लिहून देतो’ हे क्रियापद तर ऑस्टिन यांच्या कितीतरी आधीपासून लेखनाला कृती मानीत आले आहे. ही परंपरा टाकून द्यावी असे सुचविण्याचा हेतू नाही. तिने जमीनजुमल्याचे शब्द मुलासाठी वापरू नयेत, एवढेच म्हणणे आहे.

७

या विवेचनावरून संमतिपत्राचा गाभा पुढीलप्रमाणे असावा, असे सुचवावेसे वाटते : ‘आमचा मुलगा (पूर्ण नाव, जन्मतारीख, पारपत्र क्रमांक) हा आम्हा दोघांच्या संमतीने, त्याच्या वडिलांचे सख्खे धाकटे भाऊ (पूर्ण नाव, पारपत्र क्रमांक) यांच्या सोबत अमुक तारखेस निघून, अमुक देशात अमुक पत्त्यावर राहून, अमुक तारखेस भारतात परत येणार आहे. या काळातही त्याचे पालक आम्हीच आहोत. आमच्याशी संपर्क होऊ न शकल्यास तातडीच्या वैद्यकीय उपचारांस आमच्या वतीने संमती देण्याचा अधिकार आम्ही त्यांस या मुदतीपुरता देत आहोत.’ खाली आईवडिलांच्या सह्या, पत्ता आणि दूरध्वनी. सोबत जन्मदाखल्याची व दोघांच्या ओळखपत्रांची प्रत. वैद्यकीय संमतीचे वाक्य वेगळे ठेवले आहे ते मुद्दाम. तो एकच खरा अधिकार सोबत्याकडे जावयाचा आहे. तो नाव घेऊन दिला, की बाकीचे अधिकार दिलेले नाहीत हेही स्पष्ट होते.

काही घरांना हे रुक्ष वाटेल. सख्ख्या काकाविषयी ‘पालक आम्हीच’ असे लिहिणे म्हणजे त्याला परका ठरविणे, असे कोणी म्हणेल. ‘आपले’ आणि ‘परके’ ही मराठी मनाची विभागणी कायद्याच्या विभागणीशी जुळत नाही, हेच त्या दुखऱ्या भावनेचे मूळ आहे. काकाला पुतण्या आपलाच असतो, आणि कोणत्याही संमतिपत्राने ते आपलेपण उणे होत नाही. परंतु ते आपलेपण सीमेवरच्या माणसाला दिसत नाही. त्याला कागद दिसतो. त्याने संशय घेतला तर तो मुलाच्या रक्षणासाठीच घेतला, असे मानावयास हवे, कारण वाईट हेतूने मूल नेणारा माणूसही स्वतःला काकाच म्हणवितो. त्या दोघांतील फरक परक्या वाचकाला कळावा, इतके नेमके लिहिणे हे आईबापांचे काम आहे. ‘पालक’ या शब्दाच्या मूळ अर्थाला, मुलाला पाळणे आणि राखणे या अर्थाला, तेच धरून होईल.